विमानाच्या पोटात काय होतं?

फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्यांना नेहमीच्या विमानतळांचा एकदा कंटाळा आला, की ते इतिहासाकडे वळतात. मुंबई-दुबई किती वेळा करणार? मग जुनी पंख्यांची विमानं आवडायला लागतात, ती कुठे कुठे उडली ते शोधणं आलं, आणि ह्या वाटेने गेलेला माणूस केव्हा ना केव्हा बियाफ्राला पोचतोच. मीही पोचलो. घरच्या वाचकांना हा शब्दच नवीन असेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

नायजेरियाचा पूर्व भाग ३० मे १९६७ रोजी बियाफ्रा ह्या नावाने वेगळा झाला. ६ जुलैला यादवी पेटली, ती १५ जानेवारी १९७० ला बियाफ्राच्या शरणागतीने संपली. नायजेरियाने सगळीकडून नाकेबंदी केली होती. किती माणसं मेली ह्याचे अंदाज पाच लाखांपासून वीस-तीस लाखांपर्यंत आहेत. त्यातली बहुतेक भुकेने गेली.

बाहेरून आत यायची मुख्य वाट उरली ती उली नावाच्या धावपट्टीची. धावपट्टी कसली, महामार्गाचाच एक रुंद केलेला तुकडा. रुंदी सुमारे ७५ फूट. आपल्या ओळखीच्या डीसी-३ चे पंखच ९५ फुटांचे असतात, मग चार इंजिनांच्या डीसी-७ चं काय सांगावं! उतरायचं रात्री, आणि दिवे लागायचे ते विमान टेकायला आलं की, तेही थोडाच वेळ. अशा रात्रींत तिथे डझनावारी विमानं उतरायची. त्या काळी रात्रीच्या वेळी आफ्रिकेतल्या सर्वात गजबजलेल्या विमानतळांमध्ये उलीची गणना होत असे.

आमच्या जमातीला भुरळ पडते ती ह्याची. त्यात फ्रेडरिक फोर्साइथ. तो बियाफ्रात वार्ताहर होता, आणि १९७४ च्या त्याच्या 'द डॉग्ज ऑफ वॉर'ने भाडोत्री सैनिकाला एक वलय दिलं. वैमानिक म्हटला की ते वलय दुप्पट होतं. पैशासाठी उडणारा, कुणाचाच नसलेला, पण हात कसा बसलेला!

पण वाचत गेलं की हे चित्र बिघडायला लागतं. नायजेरियाने सोव्हिएत संघाकडून मिग-१७ घेतली. ती चालवायला इजिप्तचे वैमानिक होते, तसेच भाड्याने आणलेले युरोपीयही. एका डीसी-३ मधून रात्री उलीवर बॉम्ब टाकले जात. ते चालवणारा भाडोत्री वैमानिक रेडिओवर स्वतःला 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार, म्हणवून घेई, असं तिथे उतरणाऱ्यांनी सांगून ठेवलंय. खाली उतरणाराही डीसी-३ मध्ये आणि वर घिरट्या घालणाराही डीसी-३ मध्ये, असंही होऊ शकत होतं. अंधारात उडण्याचं कसब दोघांचं सारखंच.

बरं, मग बियाफ्राकडचे सगळे पुण्यवान म्हणावेत? तसंही नाही. हँक व्हार्टन नावाचा अमेरिकन आपल्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांनी लिस्बनहून शस्त्रं आणायचा. सुरुवातीला मदतसंस्थांनाही ह्याच विमानांत जागा भाड्याने घ्यावी लागली. पुढे चर्च आणि रेडक्रॉसने स्वतंत्र विमानं उभी केली, तरी त्यांवरचेही बरेच वैमानिक पगारीच होते. म्हणजे पैसे घेतले की नाही, एवढ्यावरून माणसांची वाटणी करता येत नाही.

आणि पैशासाठी न आलेला माणूस बघायचा तर काउंट कार्ल गुस्ताफ फॉन रोसेन. हा स्वीडिश वैमानिक ऑगस्ट १९६८ मध्ये मदतीचं विमान घेऊन उलीला उतरला. तिथली भुकेली मुलं पाहून हलला. पुढच्या वर्षी त्याने पाच छोटी एमएफआय-९ विमानं जमवली, त्यांच्या पंखांखाली रॉकेटं बसवली आणि २२ मे १९६९ ला पोर्ट हारकोर्टच्या विमानतळावर हल्ला केला. सिम्युलेटरवाल्यांचा हा लाडका प्रसंग. प्रशिक्षणाच्या विमानांनी मिगच्या तळावर झडप! पण १४ दिवसांनी, ५ जूनला, नायजेरियाच्या मिगने रेडक्रॉसचं अन्न नेणारं डीसी-७ पाडलं. चौघे गेले. दोन घटनांचा संबंध अनेकांनी जोडला आहे. त्यानंतर रेडक्रॉसने आपली उड्डाणं थांबवली. चर्चची विमानं मात्र उडत राहिली.

सिम्युलेटरमध्ये विमानात भार भरायचा एक तक्ता असतो. त्यात फक्त वजन लिहायचं. पाच टन म्हणजे पाच टन. नॉर्वेची सुकी मासळी असो, मीठ असो की काडतुसं, विमान तितकंच जड होतं, तितकीच लांब धावपट्टी मागतं. उलीच्या इतिहासात मात्र सगळा प्रश्न त्या एका रकान्यातच आहे. मला वाटतं, भाडोत्री वैमानिक आपल्याला आवडतो तो ह्यामुळेच, की त्याच्या गोष्टीतही तो रकाना आपण रिकामा ठेवतो. उरतं ते निव्वळ कसब, आणि कसबावर कोण भाळणार नाही?

असो. हा छंद मी सोडणार नाही, आणि उलीच्या अंधारात उतरणं अजूनही तितकंच थरारक वाटतं. फक्त आता उड्डाणाआधी वहीत दोन गोष्टी लिहून ठेवतो: आज काय नेतोय, आणि कोणासाठी. मिग-१७ घेतलं की दुसऱ्या ओळीशी बराच वेळ अडतो. तुमच्यापैकी कुणी ही जुनी विमानं उडवत असेल, तर करून पाहा.