दुय्यम भूमिकेचे काव्यशास्त्र : पीटर लॉरेच्या निमित्ताने

चित्रपटाचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या आणि तारकांच्या नावांनी लिहिला जातो. वाङ्मयेतिहासकार जसा 'प्रमुख' लेखकांची शिखरे जोडीत जातो आणि मधल्या प्रदेशाला 'पार्श्वभूमी' म्हणून मोकळा होतो, तसाच हा प्रकार आहे. या पद्धतीत ज्याची हमखास उपेक्षा होते तो चरित्र अभिनेता. ही संज्ञाच मुळी फसवी आहे. 'चरित्र' या शब्दातून पृथगात्म व्यक्तिरेखा सूचित होते. हॉलिवूडच्या स्टुडिओ-व्यवस्थेला या नटाकडून हवे असे ते नेमके उलट. ओळखता येणारा एक नमुना त्याने मागणीप्रमाणे पुरवायचा. फॉर्स्टरने १९२७ मध्ये कादंबरीतील पात्रांची 'सपाट' आणि 'गोलाकार' अशी जी विभागणी केली, तीत हा नट जन्मभर सपाट रकान्यात बसतो. पीटर लॉरे (१९०४–१९६४) याची कारकीर्द म्हणूनच 'एम'च्या शिखरावरून झालेली दीर्घ घसरण म्हणून सांगितली जाते. हे वर्णन मला अपुरे वाटते. लॉरेने आपल्या भूमिकांचा सपाटपणा झाकला नाही; तो सपाटपणा आहे हे प्रेक्षकाला दिसेल अशा रीतीने त्या भूमिका केल्या. ही रीत त्याने हॉलिवूडला येण्यापूर्वी, बर्लिनच्या रंगभूमीवर आत्मसात केली होती.

लास्लो लोवेनश्टाइन हे त्याचे मूळ नाव. जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील, आज स्लोवाकियात असलेल्या एका गावी, ज्यू कुटुंबात. फेब्रुवारी १९३१ मध्ये ब्रेख्तने स्वतःच दिग्दर्शित केलेल्या 'मान इस्ट मान' या नाटकात तो गेली गे झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील किल्कोआ नावाच्या कल्पित गावचा हा हमाल मासळी आणायला म्हणून घराबाहेर पडतो, आणि सैनिक त्याचे सुटे भाग करून दुसराच माणूस जोडावा तसे त्याचे रूपांतर करतात. समीक्षकांना लॉरेचा अभिनय तुटक, अस्पष्ट वाटला. त्यावर ब्रेख्तने त्याची जी पाठराखण केली, ती पुढे एपिक रंगभूमीच्या अभिनयविचारातील एक मूलभूत टिपण ठरली. त्याचा युक्तिवाद असा की, प्रेक्षक व्यक्तिरेखेचा अखंड विकास शोधीत आहेत. या नटाने मात्र प्रसंग सुटे ठेवले, त्यांच्यातील विसंगती सांधली नाही. मृत्यूचे भय आणि जगण्याचे भय यांपैकी दुसरे अधिक खोल मानून त्याने एका टप्प्यावर चेहरा पांढरा केला, याचीही ब्रेख्तने आवर्जून नोंद घेतली आहे. 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) आणि त्याआधीचे 'अजब न्याय वर्तुळाचा' यांमुळे ब्रेख्त मराठी रंगभूमीवर आला, तो प्रामुख्याने गाणे, निवेदन आणि लोकनाट्याशी जुळणारा मोकळा घाट घेऊन. प्रसंग सुटे ठेवणाऱ्या या अभिनयाची चर्चा आपल्याकडे त्या मानाने कमीच झाली.

त्याच वर्षी मे महिन्यात फ्रिट्झ लांगचा 'एम' प्रदर्शित झाला. बालकांचा खुनी हान्स बेकर्ट पडद्यावर प्रथम येतो तो सावली म्हणून, आणि तीही त्याच्याच शोधासाठी लावलेल्या बक्षिसाच्या जाहिरातीवर. पुढे त्याच्या खांद्यावर खडूने अक्षर उमटवले जाते आणि माणूस अक्षरशः चिन्हांकित होतो. गुन्हेगारांनी भरवलेल्या न्यायसभेत तो बोलू लागेपर्यंत त्याला स्वतःचे असे जवळजवळ काहीच बोलणे नाही. ते भाषण सहानुभूती मागत नाही. आपल्यावर काय ओढवते याची जणू साक्ष देते. कबुली आणि अभिनय यांच्या सीमारेषेवर ते उभे आहे.

या सीमारेषेचे महत्त्व केवळ सौंदर्यशास्त्रीय नव्हते. लॉरेने १९३३ मध्ये जर्मनी सोडली. १९४० मध्ये फ्रिट्झ हिप्लरच्या 'देर एविगे यूडे' या नाझी प्रचारपटात त्याच भाषणाचे चित्रण कापून घालण्यात आले, ज्यू माणसाच्या विकृतीचा पुरावा म्हणून. पात्राचे वाक्य नटाची कबुली ठरले, मुखवटा हाच चेहरा ठरला. संहिता आणि तिचा उच्चारक यांच्यातील अंतर मिटविणाऱ्या वाचनाचे याहून भीषण उदाहरण माझ्या माहितीत नाही. या अंतराचा आग्रह आपल्याकडे कित्येकदा रूपवादी चैन समजला जातो, म्हणून हे विस्ताराने सांगितले.

हॉलिवूडचे वाचन क्रूर नव्हते, निष्काळजी होते. इंग्रजी जेमतेम येत असताना, संवाद उच्चारानुसार पाठ करून त्याने हिचकॉकच्या 'द मॅन हू न्यू टू मच'मध्ये (१९३४) काम केले आणि तो अमेरिकेस गेला. तेथे त्याचे परकेपण हे एक सर्वोपयोगी द्रव्य मानले गेले. १९३७ ते १९३९ या काळात आठ चित्रपटांत तो जपानी गुप्तहेर मिस्टर मोटो होता. या मालिकेचे समर्थन करण्याचे कारण नाही. युद्धकाळात तर हिटलरमुळे परागंदा झालेल्या या माणसाने नाझी हस्तक आणि नाझी सार्जंटही रंगविले.

या चौकटीत त्याने काय केले, हे जॉन ह्यूस्टनच्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये (१९४१) उत्तम दिसते. हॅमेटच्या कादंबरीत जोएल कैरोची समलिंगी प्रवृत्ती उघड आहे. चित्रपटाच्या नीतिसंहितेला ती उच्चारणे मान्य नव्हते. लॉरेने ती वस्तूंकडे सोपविली : गार्डिनियाचा वास येणारे भेटपत्र, हातमोजे, ओठांपाशी रेंगाळणारी छडीची मूठ. स्पेड त्याला ठोसा मारून बेशुद्ध पाडतो, आणि शुद्धीवर आल्यावर कैरोची तक्रार असते ती सदऱ्याच्या दशेबद्दल. अखेरीस बहुमोल ससाणा नकली निघतो तेव्हा तो गटमनला शिव्या देतो, लहान मुलासारखा रडतो. आणि इस्तंबूलला जाऊन शोध पुन्हा सुरू करण्याचे निघताच क्षणार्धात उल्हसित होतो. रडणे आणि हर्ष यांना जोडणारा मानसशास्त्रीय पूल तो बांधीत नाही. वास्तववादी अभिनयाच्या निकषांवर हा दोष ठरेल. पण १९३१ च्या त्या टिपणाचा आधार घेतला, तर गेली गेची रीत इथे वॉर्नर ब्रदर्सच्या छापाखाली वावरताना दिसते. 'कासाब्लांका'मधील (१९४२) त्याचा उगार्ते अर्ध्या तासात संपतो. त्याने मागे ठेवलेल्या प्रवासपत्रांवर मात्र उरलेली सारी कथा चालते. दुय्यम पात्राचे कथनशास्त्रातील स्थान समजावून देण्यासाठी याहून चांगला दाखला शोधावा लागेल.

'द मास्क ऑफ दिमित्रिऑस' (१९४४) मध्ये त्याला जवळजवळ नायकपद मिळाले. अँब्लरचा इंग्रज लेखक त्याच्यासाठी डच केला गेला. म्हणजे नायक झाला तरी परका राहिलाच.

युद्धानंतर तो जर्मनीस परतला आणि 'देर फेरलोरने' (१९५१) हा चित्रपट त्याने स्वतः दिग्दर्शित केला, सहलेखन केले आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. नाझी राजवटीतील संशोधक रोथे आपल्या वाग्दत्त वधूचा खून करतो आणि संशोधन उपयोगाचे असल्याने राजवट तो गुन्हा झाकून टाकते. युद्धोत्तर निर्वासित छावणीत तो खोट्या नावाने डॉक्टरकी करीत असतो. बेकर्टला पकडण्यासाठी सारे शहर उठले होते. रोथेला कोणी पकडावयासच तयार नाही, अखेरीस तो स्वतःच आगगाडीसमोर उभा राहतो. 'एम'ला वीस वर्षांनी दिलेले हे उत्तर जर्मन प्रेक्षकाला तेव्हा ऐकावयाचे नव्हते. चित्रपट पडला. त्याने पुन्हा दिग्दर्शन केले नाही. ही त्याच्या आयुष्यातील खरी हानी आहे. ती खलनायकी भूमिकांच्या संख्येवर मोजण्यात अर्थ नाही.

नंतरच्या काळात त्याला स्वतःच्या व्यंगचित्राशी स्पर्धा करावी लागली. १९४६ च्या 'हेअर-रेझिंग हेअर' या बग्ज बनीच्या व्यंगपटातील दुष्ट शास्त्रज्ञ म्हणजे लॉरेचे डोळे आणि लॉरेचा आवाज, पण नट दुसराच. मुखवटा नटावाचून चालू लागला होता. आपल्या कामाला तो 'चेहरे करणे' म्हणत असे. त्यातील कडवटपणा इथे कळतो. तरीही रॉजर कॉर्मनच्या 'द रेव्हन'मध्ये (१९६३) त्याने त्या मुखवट्याशीच खेळ मांडला. कार्लोफ आणि व्हिन्सेंट प्राइस आपापली भयनाट्ये गांभीर्याने वठवीत असता, लॉरेचा डॉ. बेडलो मनचे संवाद घालून भयाचा आकृतिबंधच उसवीत राहतो. कावळ्याच्या रूपात तो प्रवेश करतो, अर्धवट माणूस होतो, मग पुरा. आणि चित्रपट संपतो तेव्हा पुन्हा पक्षी झालेला असतो, कुरकुरत, आणि प्राइस त्याला चोच मिटायला सांगतो.