वाडा पडला की त्याचं दार जातं कुठे? जुनं सागवान घेण्याआधी हे माहिती असू द्या

पुण्याच्या पेठांमध्ये, जुन्या नाशकात किंवा वाईत एखाद्या वाड्याभोवती पत्रे लागले की समजायचं, आता हा पडणार. पण वाडा पडतो म्हणजे सगळाच राडारोडा होत नाही. माती-विटा ट्रकमध्ये जातात. खांब, तुळया, दारं, चौकटी, जिना, खिडक्यांचे गज, कडीपाटाच्या फळ्या हे सगळं वेगळं निघतं आणि विकलं जातं. पाडकामाचा व्यवहार ठरतानाच अनेकदा या लाकडाची किंमत धरलेली असते.

तिथून हा माल जुन्या लाकडाच्या वखारीत, मुंबईच्या चोर बाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये पोहोचतो. मग एक दिवस तो रीलमध्ये दिसतो: कॅफेच्या भिंतीला टेकवलेलं पितळी फुलांचं दार, खाली कॅप्शन 'पेशवेकालीन'.

बहुतेक वेळा ते पेशवेकालीन नसतं. आज दिसणारे बरेचसे वाडे इंग्रजी अमलात बांधलेले किंवा तेव्हा दुरुस्त झालेले आहेत. त्यामुळे दार वाईट ठरत नाही, फक्त भाव वाढवायला वापरलेला शब्द चुकीचा ठरतो.

मागणी एवढी का?

जुनं सागवान म्हणजे सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड. वर्षानुवर्षं सुकल्यामुळे ते नव्या लाकडासारखं वाकत-फुगत नाही. इंग्रजांच्या काळात बर्मा टीक इथल्या बंदरांत उतरत होतं. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यामुळे जुन्या बर्मा टीकचा आपल्याकडचा एक मोठा साठा म्हणजे पडणाऱ्या इमारती.

आणि वाडे पडतात का? 1961 च्या पानशेत पुरात पुण्यातले कितीतरी वाडे एका दिवसात गेले. बाकीच्यांचं कारण जास्त रुक्ष आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्तीचा खर्च भाड्यापेक्षा जास्त झाला आणि एका सातबाऱ्यावर, एका प्रॉपर्टी कार्डावर डझनभर वारस आले. अशा घरमालकाला 'वाडा वाचवा' म्हणून ज्ञान देणं सोपं आहे. पण आतल्या लाकडाला चांगला भाव येतोय, हेही पाडण्याचं एक कारण बनू शकतं. जुनं दार घेणारा ते जळणात जाण्यापासून वाचवतो आणि त्याच वेळी या बाजाराला पैसेही पुरवतो. दोन्ही खरं आहे. म्हणूनच 'हे कुठल्या घरातलं?' हा प्रश्न विचारायलाच हवा. बंद पडलेल्या घरांतून कोरीव चौकटी चोरीला जाऊ शकतात. विक्रेता गाव सांगायला, पावती द्यायला टाळाटाळ करत असेल तर उठून चालू लागा.

कायदा काय सांगतो?

हा भाग फार कमी लोकांना माहिती असतो. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार किमान 100 वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरते आणि त्यात इमारतीपासून सुटा केलेला भागही येतो. म्हणजे कोरीव गणेशपट्टी किंवा नक्षीचा खांबही. अशी वस्तू घरात ठेवणं गुन्हा नाही. पण पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी मालकाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करायची असते.

परदेशात राहणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेताच येत नाही. शिक्षा किमान 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि दंड. आजोबांचा झोपाळा न्यू जर्सीला न्यायचा असेल आणि तो 100 वर्षांच्या आतला असेल, तर तो पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्या. झोपाळा शिसवी असेल तर आणखी एक अडचण आहे: शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराखाली नियंत्रित आहे, त्याची कागदपत्रं वेगळी लागू शकतात.

खरं की रंगवलेलं?

दाराची पुढची बाजू सगळेच बघतात. तुम्ही मागची बघा. जुन्या कामात मागे तासणीच्या उथळ, कमी-जास्त खुणा असतात, यंत्राच्या करवतीच्या एकसारख्या गोल रेषा नसतात. कडी जिथे आपटते तिथे खळगा, उंबरठा जिथे पाय पडतो तिथेच झिजलेला. झीज सगळीकडे सारखीच असेल तर ती पॉलिश पेपरने केलेली आहे. अधिकच्या खुणेच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात वापरात आले. ते दिसले तर निदान त्या जागी नंतर हात लागलेला आहे.

लाकडाला बारीक छिद्रं असणं चालतं. पण दार आपटल्यावर त्यातून पिठासारखा ताजा भुसा पडला तर भुंगा आत जिवंत आहे. ते घरी नेलंत तर बाकीचं फर्निचरही खाईल.

तुळया घनफुटावर विकतात. माप घेताना कुजलेली टोकं आणि जुन्या खाचा धरून पैसे देऊ नका आणि रंधा मारल्यावर किती उरेल तेही विचारा. आत खिळे राहिले असतील तर सॉ मिलवाला पातं तुटल्याचे पैसे तुमच्याकडूनच घेईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग. वाड्यांच्या दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगातल्या शिशावर भारतात 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो घासून किंवा जाळून काढला की धूळ आणि धूर श्वासात जातो. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. त्यामुळे रंग काढणं बाल्कनीत नको. केमिकल स्ट्रिपर वापरणाऱ्या कारागिराकडे, घराबाहेर आणि ओलं ठेवून. रीलमधला तो सँडरचा धुरळा बघायला छान वाटतो, एवढंच.

वाडा तुमचाच असेल तर?

दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो पुण्याच्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारला. तिथे गेलात की सुटा खांब आणि पूर्ण दालन यातला फरक लगेच कळतो: तुळई, महिरप, छत एकत्र असेल तरच खांबाची उंची तेवढी का, ते समजतं.

म्हणून पाडकामाआधी निदान प्रत्येक खणाचे फोटो काढा, मापं कागदावर उतरवा. चौकट, दार आणि गणेशपट्टी एकाच गिऱ्हाइकाला द्या. उतरवताना प्रत्येक भागावर आकडा टाका. खडूने नको, पहिल्या पावसात जातो. पत्र्याचा बिल्ला मागच्या बाजूने ठोका.