मंगळुरी कौलाचं माहेर

श्रीमंती फ्रेंच वास्तू म्हटली की झुंबरं, सोनेरी महिरपी आणि भिंतभर आरसे डोळ्यांपुढे येतात. ते वैभव गोव्यात पेडण्याच्या तुये गावापर्यंत पोचलं नाही. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तोच मुळी 1788 मध्ये, आणि नंतरही युरोपीय थाट पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यासारख्या मोजक्याच घरांत शिरला. पण फ्रेंचांची एक वस्तू इथे जमीनमालक भाटकाराच्या घरावर चढली तशीच त्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराच्याही. ती म्हणजे मंगळुरी कौल.

त्याचं माहेर फ्रान्सच्या आल्सास प्रांतातलं आल्टकिर्श. तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. आपले बाकदार नळे नुसते एकावर एक रचलेले असत. वाऱ्याने, माकडांनी ते सरकत, आणि पाऊस लागण्याआधी दरवर्षी घरावर चढून नळे परतावे लागत. नव्या कौलाच्या एका कडेला खोबण, दुसऱ्या कडेला उंचवटा. शेजारचं कौल त्यात बसतं, पाठीची गाठ रिपेला धरते, पाणी पन्हळीतून खाली उतरतं. एकच थर पुरतो, म्हणून छप्पर हलकं आणि वाशांचा खर्च कमी. इतकी अक्कल एका भाजलेल्या मातीच्या तुकड्यात! व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षा मला याचंच कौतुक अधिक वाटतं.

आल्टकिर्शपासून स्वित्झर्लंडचं बासेल जवळच. तिथल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचं बासेल मिशन 1834 पासून मंगळुरात होतं. धर्म बदललेल्यांचा जातीचा धंदा सुटे. त्यांच्या हातांना काम हवं म्हणून मिशनने आधी विणकाम काढलं, मग कौलं. यंत्रांची जाण असलेल्या गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने 1865 मध्ये मंगळुरातल्या जेप्पूला कारखाना घातला. माती नेत्रावतीकाठची, घाट आल्सासचा. तिथून गलबतांनी कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली.

जुन्या कौलावर मिशनचं नाव आणि 1865 असा छाप दिसला, की घर तेवढंच जुनं असं अनेकजण धरून चालतात. ते साल कारखान्याचं आहे; कौल त्यानंतर कधीचंही असू शकतं.

आता गोव्यातल्या नव्या बंगल्यांत काँक्रीटच्या स्लॅबवर हीच कौलं शोभेला चिकटवतात. तिथे ना रीप, ना फटींतून खेळणारा वारा. पाणी अडवायचं काम स्लॅबच करतो. जुनं घर पाडताना निघालेली धड कौलं मात्र फेकू नयेत. गोठ्यावर, पडवीवर रिपा ठोकून ती पुन्हा चढवली, तर अजून कितीतरी पावसाळे काढतील.