थोरल्या बाजीरावाचें धाकट्या बंधूस पत्र

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत ईट हें गांव आहे. जेथें ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची लढाई झाली, तें खर्डें येथून जवळच. अशा टापूंतील जुन्या घरांचे रुमाल सोडतांना संग्राहकाची दृष्टि प्रथम शिक्कामोर्तबाच्या सनदांकडे वळते; स्वारींतून भावानें भावास लिहिलेला कागद घरगुती म्हणून बाजूस पडतो. हा क्रम आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्यास प्रमाण म्हणून एक सुपरिचित पत्र घेऊं.

तें पत्र थोरल्या बाजीरावानें १७३७ सालीं दिल्लीच्या स्वारींतून चिमाजी आप्पास लिहिलें. ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत पारसनीसांनीं तें छापलें आहे. अंतर्वेदींत मल्हारराव होळकराच्या फौजेस मागें रेटल्यावर सादतखानानें, मराठे चंबळेपार घालविले, अशी बढाई बादशहास लिहिली होती. तें लिहिणें धन्यास होतें व मानाच्या वस्त्रांवर दृष्टि ठेवून होतें. बाजीराव मात्र भावास सांगतो कीं, ती बढाई खोटी ठरविण्याकरितांच आपण लांब मजला मारून दिल्लीवर गेलों.

पुढें तो मनांतला विचारहि उघड करतो. शहर जाळावें असें प्रथम मनांत होतें. परंतु राजधानी बुडविल्यानें लाभ नाहीं, उलट तहाचा धागा तुटेल, हें जाणून तो बेत त्यानें सोडला. नंतर शहराबाहेर पडलेल्या बादशाही फौजेचा होळकर, शिंदे, पवार यांनीं मोड केला. त्या वर्णनांत राणोजी शिंद्याकडील इंद्रोजी कदमाचीं दोन बोटें गोळीनें गेल्याची नोंदहि आहे. एवढी बारीक गोष्ट दरबारी लेखांत क्वचितच आढळेल.

निजाम नर्मदेपलीकडे जाऊं लागल्यास त्यास अडवावें, ही सूचनाहि बंधूस आहे. परंतु आप्पाच्या हातीं त्याच सुमारास फिरंग्यांवरील मोहीम होती. निजाम जुलैंत दिल्लीस पोंचला. त्याच वर्षाच्या अखेरीस भोपाळास बाजीरावानें त्यास कोंडलें आणि जानेवारी १७३८ मध्यें तह करावयास लाविलें. म्हणजे पत्रांतील चिंता निराधार नव्हती.

अर्थात् भावास लिहिलेलें सर्वच निर्दोष, असें आमचें म्हणणें नाहीं. शत्रूच्या हानीचे आंकडे जेत्याचे असतात. ते फारसी तवारिखांशीं ताडूनच घ्यावे. परंतु बेत कां बदलला आणि भय कोणाचें होतें, हें मनुष्य जेथें मोकळेपणानें लिहितो, तो कागद सनदेहून कमी मोलाचा कसा? सनदेवरून हक्क कळतो, अशा पत्रावरून हेतु कळतो. म्हणून ईटच्या परिसरांत काय किंवा अन्यत्र काय, रुमाल चाळतांना ‘चिरंजीव’ या शब्दानें आरंभ होणारें जीर्ण पत्र दिसल्यास तें घरगुती समजून वेगळें टाकूं नये, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.