जुन्या वाहनांतील इंजिन तेलगळती

इंजिन तेलगळती म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील वंगणतेल सांध्यांतील पॅकिंगमधून किंवा क्रँकशाफ्टभोवतीच्या ऑइल सीलमधून बाहेर झिरपणे होय. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या वाहनांत हा दोष सर्रास आढळतो. त्यांतील काही गळती सामान्य हत्यारांनी घरच्या घरी थांबवता येतात, तर काहींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे. यंत्रमागांचे हे शहर जुन्या मुंबई–आग्रा रस्त्यावर वसलेले असून माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या परिसरात गोदामांची मोठी वस्ती आहे. कापडाचे तागे व गोदामांतील माल वाहणारे टेम्पो येथे दिवसभर कोंडीत थांबत-थांबत चालतात. अशा चालण्याने इंजिन तापते आणि रबर व कॉर्क लवकर कडक होतात. स्वतःचाच टेम्पो चालवणाऱ्या चालकाच्या दृष्टीने वाहन गॅरेजमध्ये उभे राहणे म्हणजे त्या दिवसाचे भाडे बुडणे. त्यामुळे गळतीकडे दुर्लक्ष करण्याकडे कल असतो.

कारणे

रबराचे सील उष्णतेने ठिसूळ होतात आणि कॉर्कचे पॅकिंग आकसते, हे सर्वांत साधे कारण. त्याखालोखाल कारण मानवी आहे. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळण्याची सवय असते. त्यामुळे पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टपाशी आत दबते, मधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते. तिसरे कारण बहुधा नजरेतून सुटते. पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली आलेला वायू ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडावा अशी रचना असते. ही नळी काजळीने तुंबली, की आतला दाब वाढून तेल सर्वांत कमकुवत सांध्यातून बाहेर ढकलले जाते. अशा वेळी नवे पॅकिंगही काही दिवसांतच गळू लागते. डिपस्टिकवरील वरच्या खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यानेही काहीसा असाच परिणाम होतो.

उगम शोधणे

तेल खाली ओघळते आणि चालत्या वाहनात वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जेथे थेंब पडतो तेथे दोष असेलच असे नाही. ओल्या भागातील सर्वांत वरचे व पुढचे ठिकाण हाच बहुधा उगम असतो. रात्री वाहनाखाली पुठ्ठा अंथरल्यास थेंबांची जागा व रंग कळतो. इंजिन तेल तपकिरी किंवा काळे असते, शीतकाचे पाणी हिरवे वा गुलाबी असते, तर ब्रेक ऑइल पातळ व फिकट असते. ब्रेक ऑइलची गळती आढळल्यास वाहन चालवूच नये.

यानंतर थंड इंजिन रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने धुऊन पूर्ण कोरडे करतात, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरतात आणि थोडा वेळ इंजिन चालवतात. पावडरवर जेथे पहिली काळी रेघ उमटते, ती गळतीची जागा. हा टप्पा टाळून केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ अंदाज असतो.

घरी करता येणारी दुरुस्ती

वाहनाखाली शिरायचे असल्यास ते केवळ जॅकवर ठेवू नये. सपाट जमिनीवर मजबूत घोडे लावावेत व चाकांना अडण द्यावी. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे भाराखाली अचानक फुटतात.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे हे सर्वांत सोपे काम आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेल्या १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत हे कव्हर इंजिनाच्या अगदी वर असते. जुने पॅकिंग खरवडताना तुकडे इंजिनात पडू देऊ नयेत. दोन्ही पृष्ठे तेलविरहित करून नवे पॅकिंग बसवावे आणि बोल्ट मधून कडांकडे, थोडे थोडे करून आवळावेत. ६ मिलिमीटर बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. उत्पादकाचा आकडा उपलब्ध असल्यास तोच पाळावा. सिलिकॉनचा लेप पातळच हवा, कारण आत पिळून निघालेला जादा लेप तुटून तेलपंपाची जाळी अडवू शकतो.

चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट गळत असल्यास बहुतेकदा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर बदलून भागते. तेल फिल्टर गळत असेल, तर जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आहे का, हे आधी पाहावे. ऑइल प्रेशर स्विच हा स्वस्त भाग आहे, पण त्याची गळती पुष्कळदा मागच्या सीलच्या नावावर खपते. चेंबरचे पॅकिंग बदलताना दबलेली कड लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोकून सपाट करावी लागते.

क्रँकशाफ्टचे मागचे सील मात्र गिअरबॉक्स व क्लच उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. ते काम गॅरेजचे आहे. तेलात मिसळायची गळतीरोधक द्रव्ये रबर फुगवून काही काळ झिरपणे कमी करतात. कॉर्क किंवा कागदाच्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग होत नाही.

परिणाम

तेलाच्या एका थेंबाचे आकारमान सुमारे ०.०५ मिलिलिटर धरले, तर मिनिटाला एक थेंब या गतीने दिवसाला ७२ मिलिलिटर आणि महिन्याला दोन लिटरहून अधिक तेल जाते. पातळी फार खाली गेल्यास बेअरिंगे कोरडी पडून इंजिन जाम होते. तापलेल्या एक्झॉस्टवर पडणारे तेल पेट घेऊ शकते, तर मागच्या सीलमधून आलेले तेल क्लच प्लेटवर जाऊन ती घसरू लागते. रस्त्यावर साचलेले तेल जूनच्या पहिल्या पावसात पाण्यावर तरंगते व दुचाकी घसरतात. गळतीचे हे मोल वाहनाच्या मालकाऐवजी दुसऱ्यालाच चुकवावे लागते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले इंजिन तेल 'घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६' नुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतल्यास भिवंडीत कामवारी नदीत व पुढे खाडीत जाऊ शकते. म्हणून ते झाकणाच्या डब्यात साठवून तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे. तेलाने भिजलेला भुसा व चिंध्या जाळू नयेत.