खारपाणपट्टा आणि मूत्रपिंडाचे विकार

अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यास ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. येथे बोअर कितीही खोल नेली तरी गोडे पाणी लागेलच असे नाही. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेले क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, अन्य स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. पट्ट्यातील कित्येक विहिरी व हातपंप ही दुसरी मर्यादाही ओलांडतात.

मूत्रपिंडाच्या विकारांनी ही गावे धास्तावली आहेत. अतिरिक्त सोडियमने रक्तदाब वाढतो व वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडे निकामी करतो, हे वैद्यकशास्त्रास मान्य आहे. मात्र मधुमेह, उन्हातील कष्ट आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हीदेखील कारणे असतात. सारा दोष क्षारांवर टाकणे घाईचे ठरेल. विकार बळावेपर्यंत लक्षणे सहसा दिसत नाहीत. त्यामुळे रक्तदाब, लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन वेळोवेळी तपासून घेणे इष्ट.

उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गढूळपणा बसतो; क्षार मात्र तसेच राहतात. वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजनांचे मोल त्यामुळेच मोठे. नळ कोरडा पडला, की पुन्हा हातपंपच गाठावा लागतो.