फडक्याला लागलेला रंग

मोटारीला पॉलिश करताना फडक्याला तिचा रंग लागायचा, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी घरच्या अंगणात गाडी हाताने घासली असेल, त्यांना आठवेल. हिरव्या गाडीचं फडकं हिरवं, काळ्या गाडीचं काळं. आमच्या शेठजींची फियाट मरून रंगाची होती. दहा-अकरा वर्षांचा असताना मी तिच्यावर पहिल्यांदा फडकं फिरवलं, ते लाल झालेलं पाहिलं आणि घाबरून अब्बांकडे पळालो. मला वाटलं, गाडीला जखम झाली.

अब्बा सोलापुरात एका सुताच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. त्याआधी माझे आजोबा त्याच घराण्याची बग्गी हाकायचे. त्यामुळे धुण्याचे नियम आमच्याकडे बग्गीवरून मोटारीवर आले. गाडी सावलीत धुवायची. चिखल वाळू द्यायचा नाही. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग फडकं लावायचं. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. पुढे वाचनात आलं की एकोणिसाव्या शतकातल्या विलायती पुस्तकांत घोडागाडीबद्दल जवळजवळ हेच लिहिलं जात होतं. त्यांत आणखी एक सल्ला असे. घोड्यांच्या लिदी-मुतातून अमोनिया सुटतो आणि त्याने व्हार्निश मरतं, म्हणून गाडी तबेल्यापासून लांब ठेवा. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण बग्गी तबेल्याच्या भिंतीलगत उभी केलेली त्यांना खपत नसे. हे शहाणपण त्यांच्यापर्यंत कुठल्या वाटेने आलं असेल? साहेबाच्या तबेल्यातून कुणा मोतद्दाराच्या तोंडून आलं असेल, किंवा व्हार्निश मेलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे बिनघोड्यांच्या बग्ग्याच. त्यांना रंगही तसाच दिला जाई. जवसाच्या तेलातलं व्हार्निश, ब्रशाने एकावर एक हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं, घासायचं, पुन्हा हात. एक गाडी रंगवायला कित्येक आठवडे लागत. फोर्डला एवढी उसंत नव्हती. त्याची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळे, कारण तो काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. मग १९२३ मध्ये जनरल मोटर्स आणि ड्यू पाँट यांनी ‘ड्यूको’ नावाचा नवा रंग आणला. हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. त्या काळच्या सिनेमाच्या फिती ज्या पदार्थाच्या बनत, त्याच कुळातला. फवाऱ्याने मारायचा आणि बघता बघता वाळायचा. आठवड्यांचं काम तासांवर आलं, आणि रस्त्यांवर निळ्या-हिरव्या गाड्या दिसू लागल्या. आपल्याकडे पेंटरच्या पाटीवर ‘ड्यूको पेंटिंग’ हे शब्द लिहिलेले असत, ते तिथूनच आले.

पण या रंगाची एक खोड होती. मारल्यावर तो आपोआप चमकत नसे, घासून चमकवावा लागे. शिवाय ऊन आणि हवा त्याचा वरचा थर खात. रंगाला धरून ठेवणारा चिकटपणा सुकून जाई आणि वर नुसती रंगाची भुकटी उरे. फडक्याला लागायची ती हीच भुकटी. अब्बा म्हणाले होते, ‘‘वो मरी हुई चमडी है. निकालनाच पडता.’’ ती काढली की खालचा ताजा रंग वर येई. तो पुन्हा मरू नये म्हणून त्यावर मेण. मात्र दर वेळी थर थोडा पातळ होई, हेही खरं.

ही फियाट मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली. १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, त्यामुळे ती गाडी आपल्याच गावच्या माणसाची, असं शेठजी पाहुण्यांना ऐकवत. सोलापूरला पाण्याची मात्र कायमची टंचाई. उन्हाळ्यात नळ दिवसाआड यायचा. एका तांब्यात वजू उरकणारे अब्बा गाडीसाठी दोन बादल्या बाजूला काढत, एक साबणाची आणि एक निव्वळ पाण्याची, आणि त्यांना त्याचा संकोच वाटे. फडकी टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या तुकड्यांची. टॉवेलच्या दोऱ्यांच्या फासांत खडे अडकून बसतात, रंगावर ओरखडा उठत नाही. काही ड्रायव्हर पाण्यात रॉकेलचे थेंब टाकत. त्याने तासभर गाडी चमकते आणि मग दुप्पट धूळ धरते. अब्बांना ते आवडत नसे.

महिन्यातून एकदा मेणाचा डबा निघायचा. झाकणावर इंग्रजीत ‘कार्नाउबा’ छापलेलं होतं. ते मला एखाद्या नटीचं नाव वाटे. ते निघालं एका ताडाचं. ब्राझीलच्या ईशान्येला सिआरा, पियावी हे कोरडे मुलूख आहेत. तिथला हा ताड पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवर मेण धरतो. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली भुकटी वितळवून मेण काढतात. मधमाशीचं मेण साधारण ६३ अंशांना वितळतं, हे ८० च्या पुढे. मे महिन्यातल्या सोलापुरी बॉनेटवर टिकायला असंच मेण हवं. अमेरिकेतल्या जॉन्सन मेण कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन १९३५ मध्ये या झाडांच्या शोधात स्वतः विमानाने ब्राझीलला गेले होते. विमानाचं नावही त्यांनी ‘कार्नाउबा’ ठेवलं होतं. अब्बांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मेण लावलेल्या गाडीवर पाण्याचे मणी होतात, चिखल चिकटत नाही आणि पुढच्या धुण्याला एकच बादली पुरते. दुष्काळी मुलखातल्या झाडाने स्वतःचं पाणी वाचवायला केलेली सोय आमच्या दुष्काळी गावातही पाणीच वाचवत होती.

एका शुक्रवारी अब्बा नमाजला गेले असताना मी त्यांना खूश करायला निघालो. भर उन्हात कपड्यांच्या पावडरीने गाडी धुतली. ते पाणी जागच्या जागी वाळून डाग पडले. ते घालवायला पेंटरकडून आणून ठेवलेलं रबिंग कंपाउंड घेतलं आणि बॉनेटची कड घासत बसलो. फडकं लाल होत होतं, म्हणजे काम चांगलं चाललंय अशी माझी समजूत. मग ते लाल व्हायचं थांबलं. कडेला राखाडी अस्तर उघडं पडलं होतं, वितभर लांब.

अब्बांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेठजींना म्हणाले, ‘‘माझ्या हातून झालं.’’ रंगाचे पैसे पगारातून तीन हप्त्यांत कापले गेले. त्या वर्षी ईदला मला नवे कपडे शिवले. अब्बांनी जुनाच सदरा इस्त्री करून घातला. मी शेठजींना खरं कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत आणि अब्बाही नाहीत.

१९८० नंतर मोटारींचा रंग पुन्हा बदलला. खाली रंग आणि त्यावर एक पारदर्शक थर, ही पद्धत हळूहळू सगळीकडे रूढ झाली. आता ऊन त्या वरच्या थराला लागतं, खालच्या रंगापर्यंत फडकं पोहोचतच नाही. मेण लावावंच लागतं असंही आता म्हणता येत नाही. मी तरी लावतो.

२००९ मध्ये मी पहिली गाडी घेतली, रुपेरी रंगाची. पहिल्या रविवारी अंगणात सावली पाहून ती धुतली, दोन बादल्यांत. वरून खाली आलो, चाकं शेवटी. पॉलिश केलं. अब्बा खुर्ची टाकून बसले होते. झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी फडकं दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून उजेडात धरलं.

‘‘कपडा तो कोराच है,’’ ते म्हणाले. ‘‘घिस्या नै तू.’’

मी ते परत घेतलं आणि बॉनेटकडे वळलो.